कडेनाच्या डेकमध्ये मोठे प्राणी हवेतच असे नाही

'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळात कडेना या पत्त्याभोवतीचा डेक (पत्त्यांचा संच) स्वस्तात बांधायचा असेल, तरी पालथे खेळून उलटल्यावर धिप्पाड होणाऱ्या प्राण्यांवरच पैसे घालावेत, हा मुद्दा मला पटत नाही. कडेना टेबलावर असेपर्यंत दर टर्नमधला पहिला पालथा (पाठ वर करून, ओळख लपवून खेळलेला) प्राणी तीन माना (पत्ते खेळायला लागणारी ऊर्जा) स्वस्त पडतो आणि तो उतरताच एक पत्ताही मिळतो. पण ती मारली गेली, की हातात सहा-सात मानांचे प्राणी आणि समोर नुसते २/२ (ताकद दोन, टिकाव दोन) पालथे प्राणी उरतात. म्हणून मी आधी २०१४च्या 'खान्स ऑफ तारकीर' या पत्तासंचातले 'सीक्रेट प्लॅन्स' घेतले, कारण आपला पालथा पत्ता उलटला की ते पत्ता देते आणि त्यासाठी कडेनाची गरज लागत नाही.

माझ्या पसंतीचा आणखी एक पत्ता म्हणजे 'झोएटिक कॅव्हर्न'. ही मुळात लँड (माना देणारा पत्ता) आहे, पण तिला मॉर्फ आहे, म्हणजे ती तीन मानांत पालथा प्राणी म्हणून खेळून नंतर उलटता येते. कडेनासोबत ती फुकट पालथी उतरते, पत्ता देते, दोन मानांत उलटून लँड होते आणि 'सीक्रेट प्लॅन्स' असल्यास आणखी एक पत्ता देते. हातात लँड कमी असतील, तर ती सरळ लँड म्हणूनच खेळावी. दोन माना मोकळ्या ठेवल्या, की समोरच्याला ती 'विलबेंडर' (दोन मानांत उलटला की स्पेलचे, म्हणजे मंत्राच्या पत्त्याचे, लक्ष्य बदलणारा प्राणी) सुद्धा वाटू शकते. माझ्या एका डावात कडेनावर मारलेला स्पेल मी खऱ्या 'विलबेंडर'ने समोरच्याच्याच प्राण्यावर वळवला होता, आणि त्यानंतर त्याने माझ्या साध्या कॅव्हर्नवरही स्पेल खर्च केला.