मंगळावरून घरी फोन

'रोज घरी व्हिडिओ कॉल करता आला की मंगळावर कामाला गेलेल्यांना एकटेपणा जाणवणार नाही', असं एक मत आहे; ते मला पटलं नाही. चारेकशे किलोमीटरवरच्या अवकाश स्थानकापुरतं ते ठीक. मंगळावरून नुसती हाक पोचायलाच ३ ते २२ मिनिटं, उत्तराला तेवढीच पुन्हा. रडणाऱ्या लेकराला असं कसं समजावणार?

मग आधार उरतो तो सोबतच्या माणसांचा, आणि तोही गृहीत धरता येत नाही. मॉस्कोच्या 'मार्स-५००' या मंगळप्रवासाची जमिनीवर नक्कल करणाऱ्या प्रयोगात (२०१०-११) सहा जण ५२० दिवस बंदिस्त होते. त्यातल्या एकाचा दिवस हळूहळू सुमारे २५ तासांचा झाला. बाकीचे झोपलेले असताना हा अनेकदा जागा! त्यामुळे कामाच्या पाळ्या कशाही लावा, पण एक वेळचं जेवण सगळ्यांनी एकत्रच घ्यावं, असा नियमच हवा.