सासऱ्यांच्या पॅक हाउसला अनुदान मिळालंय, त्यात बसवायच्या मशीनसाठी मी अर्ज करू शकते का?

निफाडची_बेदाणेवाली

नमस्कार. घरची सव्वादोन एकर थॉमसन द्राक्षं आहेत, शिवाय शेजारपाजारचा माल घेऊन चार वर्षं बेदाणा करते. शेडवर वाळवण्यापर्यंत सगळं जमतं, अडतं ते निवडणीला. देठ अजून आम्ही बायका हातानेच काढतो. 15 किलोच्या बॉक्समध्ये चार देठ राहिले तरी व्यापारी मूठ घालतो, नेमका देठवाला मणी वर काढून तळहातावर ठेवतो आणि भाव तिथेच उतरतो.

म्हणून देठकाढणी, धुलाई आणि ग्रेडिंगची लाइन घ्यायची ठरवली. मशीन 12 लाख, ओटा आणि पाण्याचा निचरा धरून 14 लाख. पीएमएफएमई, म्हणजे सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेचा अर्ज भरायला बसले आणि हमीपत्रातल्या एका ओळीवर हात थांबला: या घटकासाठी इतर योजनेतून अनुदान घेतलेले नाही.

आता अडचण सांगते. लाइन ज्या पॅक हाउसमध्ये, म्हणजे माल निवडून भरायच्या शेडमध्ये, बसणार ते 9 बाय 6 मीटरचं, सासऱ्यांच्या नावावर, 2019 मध्ये फलोत्पादन अभियानातून 2 लाख अनुदान घेऊन बांधलेलं. धाकट्या दिरांना मागच्या वर्षी पीएमएफएमईमधूनच मसाल्याच्या गिरणीला मंजुरी मिळाली, आणि रेशन कार्ड आमचं एकच आहे. गावात एक जण म्हणतो, कृषी पायाभूत सुविधा निधीची व्याजसवलतही घे. दुसरा म्हणतो, दोन योजना घेतल्या की फसवणूक. त्यात मशीनवाल्याला 1 लाख ॲडव्हान्स देऊन बसले आहे.

खोटी सही मला करायची नाही. अनुदान नाही मिळालं तरी चालेल, पण उद्या कुणी चौकशीला दारात आलं तर सासऱ्यांना मान खाली घालायला लागू नये.

दिंडोरीकर_टोमॅटो

ताई, मी 2022 मध्ये याच वाटेने गेलोय, टोमॅटो प्युरीसाठी. ती ओळ घटकाबद्दल आहे, घराबद्दल नाही. पॅक हाउस हा एक घटक, त्याचं भांडवली अनुदान घेऊन झालं. मशीन हा दुसरा घटक, त्याला अजून कुणी रुपया दिलेला नाही. तेव्हा प्रकल्प अहवालात पॅक हाउसचा एक पैसाही धरू नका. अहवाल करून देणारे हौसेने 'इमारत 4 लाख' टाकून आकडा फुगवतात. माझ्या अहवालात जुनी शेड अशीच घुसली होती. बँकेच्या अधिकाऱ्याने ती पेन्सिलने खोडली आणि फाइल दोन महिने मागे गेली. उलट अहवालातच सरळ लिहा की इमारत सासऱ्यांची आहे आणि तिला अमुक साली अनुदान मिळालंय. लपवलं नाही तर विचारणाराच उरत नाही. जागेसाठी सासऱ्यांचं संमतीपत्र आणि भाडेकरार जोडा. ओटा आणि निचरा चालतो, बांधकाम पात्र खर्चाच्या 30 टक्क्यांच्या आत असलं पाहिजे, तुमचं बरंच आत आहे. जमिनीची किंमत मात्र कधीच धरत नाहीत.

आता हिशेब. 14 लाखांचे 35 टक्के म्हणजे 4 लाख 90 हजार, कमाल मर्यादा 10 लाख. तुमचा स्वतःचा वाटा किमान 10 टक्के, म्हणजे 1 लाख 40 हजार. कर्ज 12 लाख 60 हजारांचं काढा. अनुदान हातात येत नाही हे आधीच मनाशी पक्कं करा. ते बँकेत वेगळ्या खात्यात पडून राहतं, तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, आणि तीन वर्षं युनिट चालू आणि खातं नियमित राहिलं की कर्जात वळतं होतं. आमच्याकडे एकाने त्या पैशांवर पोरीचं लग्न ठरवलं होतं. फार हाल झाले त्याचे.

व्याजसवलत घेतली तर फसवणूक मुळीच नाही. पायाभूत सुविधा निधीत 2 कोटींपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के सवलत, जास्तीत जास्त 7 वर्षं, आणि दुसऱ्या योजनेच्या अनुदानासोबत ती घेता येते असं त्या योजनेतच लिहिलंय. एकाच वस्तूवर दोनदा भांडवली अनुदान, तेवढं चालत नाही. फक्त त्याचा अर्ज वेगळ्या पोर्टलवर आहे, तो राहून जातो. आणि अनुदान कितीही असो, आपला 10 टक्के वाटा सुटत नाही.

ॲडव्हान्सची मात्र मला काळजी वाटते. माझा 60 हजारांचा ॲडव्हान्स कर्ज मंजुरीच्या आधीच्या तारखेचा होता, बँकेने तो धरलाच नाही. मशीनवाला म्हणेल, 'पावतीवर पुढची तारीख टाकून देतो.' ते अजिबात करू नका. पैसे खात्यावर परत मागून घ्या आणि मंजुरीनंतर बँकेमार्फत द्या. तोवर मशीन दारात उतरवून घेऊ नका.

करसल्लागार_नाशिकरोड

दिरांचा प्रश्न राहिला. योजनेत एका कुटुंबातून एकच लाभार्थी हे खरं, पण कुटुंब म्हणजे स्वतः, पती किंवा पत्नी आणि मुलं. दीर त्यात येत नाहीत, रेशन कार्ड एक असलं तरी. तुमच्या यजमानांनी घेतलं असतं तर अडचण होती.

आणखी एक. मशीनवर घसारा, म्हणजे करासाठी दरवर्षी धरायची झीज, पूर्ण 12 लाखांवर लावू नका, तिच्या वाट्याचं अनुदान किमतीतून वजा करून उरलेल्या रकमेवर लावा. आणि जिल्हा संसाधन व्यक्तीचं, म्हणजे अर्जाला मदत करायला नेमलेल्या माणसाचं, मानधन योजनेतूनच मिळतं. अर्ज भरून द्यायचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका.

निफाडची_बेदाणेवाली

दादा, तुम्ही म्हणालात तेच निघालं. माझ्या अहवालाच्या चौथ्या पानावर पॅक हाउस 3 लाख 80 हजारांना धरलेलं आहे. मी ते पान वाचलंच नव्हतं. आज परत पाठवलं.

मशीनवाल्याशी बोलले. पहिल्यांदा तो तारखेचंच म्हणाला. नाही म्हटल्यावर सोमवारी पैसे खात्यावर टाकतो म्हणाला. सासऱ्यांना संमतीपत्राचं सांगितलं, तर त्यांनी कपाटातून 2019 चं अनुदानाचं मंजुरीपत्र प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दिलं, घडीवर थोडं फाटलंय. त्याची प्रत अर्जाला जोडते. बँकेने काय म्हटलं ते इथेच लिहीन.