विषय: नववर्षातलं शास्त्रवाचन, उपास आणि घरची प्रार्थना

लेस्टरहून

सलाम मंडळी,

वॉचनाइटची, म्हणजे ३१ डिसेंबरच्या रात्रीची, उपासना चार दिवसांवर आली. दर जानेवारीत इथे ब्रिटनमध्ये आपल्यातली कितीतरी ख्रिस्ती घरं संपूर्ण शास्त्र (बायबल) वाचायला घेतात आणि फेब्रुवारीत पुस्तक मिटतं. योजना कोणती घ्यावी, उपास कसा करावा, देवनागरी न वाचणाऱ्या मुलांना घरच्या प्रार्थनेत कसं धरावं, हे जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं. नुसतं "नियमित वाचा" एवढ्यावर भागत नाही.

उत्तर: बर्मिंगहॅमहून

ताई, सलाम.

आधी हिशेब मांडू या. शास्त्राचे अध्याय ११८९. जुना करार ९२९, नवा २६०. आपल्याकडची जुनी रीत म्हणजे रोज तीन आणि रविवारी पाच. आठवड्याला २३ झाले, ५२ आठवड्यांत ११९६. म्हणजे अख्ख्या वर्षात सवड फक्त सात अध्यायांची. तीन दिवस ताप आला की सवड संपली! माणूस मग शनिवारी बसून बारा-पंधरा अध्याय उरकतो, पुढच्या आठवड्यात पुन्हा मागे पडतो आणि शेवटी सोडून देतो. दोष त्याच्या भक्तीत नाही, योजनेतच श्वास घ्यायला जागा ठेवलेली नाही.

त्यात पहिली दोन पुस्तकं, उत्पत्ति ५० आणि निर्गम ४०, असे ९० अध्याय चार आठवड्यांत संपतात आणि जानेवारीअखेर लेवीय हे अर्पणांच्या नियमांचं पुस्तक समोर येतं. लेवीय आणि गणना मिळून ६३ अध्याय, जवळपास तीन आठवडे. बहुतेकांचं वाचन इथेच थांबतं.

म्हणून पहिल्यांदाच वर्षभर वाचणाऱ्यांनी फक्त नवा करार घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. सोमवार ते शुक्रवार रोज एक अध्याय, ५२ आठवड्यांत बरोबर २६०. शनिवार-रविवार राहिलेलं भरून काढायला मोकळे. ही योजना आजारपण, प्रवास, परीक्षा सगळं सोसते.

संपूर्ण शास्त्रच वाचायचं असेल तर रॉबर्ट मरे मॅकचेन या पाळकांनी १८४२ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या आपल्या मंडळीसाठी केलेली योजना बघा. रोज चार ठिकाणचं वाचन, १ जानेवारीला उत्पत्ति १, मत्तय १, एज्रा १, प्रेषितांची कृत्ये १. वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा होतात. लेवीय इथेही येतं, पण मार्चअखेर, आणि शेजारी दुसरी तीन पुस्तकं चालू असल्यामुळे दमछाक होत नाही. दोन सकाळी, दोन रात्री. चारही एका बैठकीत घेतली तर चौथ्या अध्यायाला फक्त डोळे फिरतात.

लेवीय ओलांडायची युक्ती: पहिल्या सात अध्यायांतली होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण, दोषार्पण ही पाच नावं कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे "काय आणायचं, काय जाळायचं, कोण खाणार" एवढंच टिपा. सोळावा अध्याय (प्रायश्चित्ताचा दिवस) आला की त्याच दिवशी इब्री लोकांस पत्र ९ आणि १० वाचा. गणना ७ मध्ये ८९ वचनं आहेत आणि तेच अर्पण बारा सरदारांकडून बारा वेळा येतं: १३० शेकेलांचं (शेकेल हे जुनं वजन) चांदीचं ताट, ७० शेकेलांचा कटोरा, १० शेकेलांचं धूपाने भरलेलं सोन्याचं पात्र. पहिल्याचं पूर्ण वाचा, बाकी अकरांची नावं मोठ्याने घ्या. पण लेवीय सोडू नका. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करायची आज्ञा मुळात तिथेच आहे, १९:१८ (अध्याय १९, वचन १८).

मागे पडलात तर? राहिलेलं भरत बसू नका. आजच्या तारखेचं वाचन उघडा, सुटलेल्या अध्यायांवर पेन्सिलने टिंब द्या. टिंबं पुढच्या वर्षी भरता येतात.

उत्तर: स्लाऊहून

दादांनी योजना छान मांडली. दोन गोष्टी जोडते.

वॉचनाइटला प्रत्येकाला वर्षासाठी एक वचन म्हणून चिठ्ठ्या निघतात. यिर्मया २९:११ (देवाचे तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, या अर्थाचं) बऱ्याच जणांना येतं आणि फ्रिजवर वर्षभर लटकतं. चिठ्ठी मिळाली की त्याच रात्री पूर्ण अध्याय वाचा. ते बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे. दहाव्या वचनात सत्तर वर्षांची मुदत आहे. पाचव्यात घरं बांधा, बागा लावा. सातव्यात, ज्या नगरात तुम्हाला नेलं त्याचं हित पाहा आणि त्यासाठी प्रार्थना करा. परक्या देशात राहणाऱ्यांनी सातवं वचन आधी पाठ करावं, असं मला मनापासून वाटतं. प्रार्थनेच्या वहीत आपल्या गल्लीचं, मुलांच्या शाळेचं, कौन्सिलचं नाव आलं पाहिजे. वहीत तीन रकाने पुरतात: तारीख, विनंती, उत्तराची तारीख. तिसरा रकाना दर महिन्याच्या शेवटी बसून भरावा लागतो, नाहीतर वही म्हणजे नुसती यादी होते.

रोज तीन अध्याय झेपत नसतील अशा वडीलधाऱ्यांसाठी स्तोत्रसंहिता. आजची तारीख घ्या आणि तीस-तीस मिळवत जा: ७ तारखेला ७, ३७, ६७, ९७, १२७. महिन्यात १५० पूर्ण. अडचण येते २९ तारखेला, कारण तेव्हा ११९ वं स्तोत्र येतं, १७६ वचनांचं. ते ३१ तारखेसाठी राखून ठेवा. ३१ नसलेल्या महिन्यात त्याचे आठ-आठ वचनांचे २२ भाग आहेत, रोज एक भाग घ्या.

उपासाबद्दल. आपला उपास साबुदाण्याचा नव्हे. जेवण सोडायचं आणि ती वेळ प्रार्थनेला द्यायची. सुरुवात रात्रीच्या जेवणापासून दुसऱ्या रात्रीच्या जेवणापर्यंत करा, म्हणजे न्याहारी आणि दुपारचं जेवण एवढंच सुटतं. महिन्यातून एकदा पुरे. पाणी भरपूर प्या. रोज तीन-चार कप चहा घेणाऱ्यांनी तो एकदम तोडला की दुपारी डोकं ठणकतं आणि प्रार्थना होत नाही, तेव्हा एक कप कोरा चहा ठेवा. सोडताना मऊभात किंवा पेज; बिर्याणीवर बसू नका. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी जेवण सोडू नये. त्यांनी त्या दिवशी फोन आणि टीव्ही सोडावा. वाचलेल्या दोन जेवणांचा शिधा गरजूंना अन्न देणाऱ्या फूड बँकेत द्यावा. भुकेल्याला अन्न देणं हा खरा उपास असं सांगणारा यशया ५८ नुसता वाचून ठेवायचा अध्याय नाही.

उत्तर: बर्मिंगहॅमहून

मुलांचं राहिलं. घरची प्रार्थना बारा मिनिटांच्या वर नेऊ नका: एक गीत, एक उतारा, प्रत्येकाची एक-एक वाक्याची प्रार्थना. गीत मराठीच असू द्या. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची गीतं चालीमुळे लिपीशिवायही तोंडी बसतात. वचन कानाने शिकवा. त्याचे तीन तुकडे करा, तुम्ही म्हणा, मूल म्हणेल, तीन वेळा. संदर्भ सुरुवातीला आणि शेवटी. सुरुवात स्तोत्र ११७ ने, दोनच वचनं आहेत. मग स्तोत्र २३, आठवड्याला एक वचन, सहा आठवडे. दर शनिवारी मागची सगळी वचनं एकदा म्हणून घ्या. ही उजळणी चुकली की सहावं शिकताना पहिलं गेलेलं असतं.

उत्तर: लेस्टरहून

फार उपयोगी. दशमांशाबद्दल (कमाईचा दहावा भाग दान) एक विचारते, गावच्या मंडळीला थेट पाठवला तर चालतो का?

उत्तर: स्लाऊहून

पासपोर्टवर अवलंबून. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेलं दान परदेशी देणगी धरत नाहीत. ब्रिटिश पासपोर्ट घेतला की, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी, ती परदेशी देणगी होते. मग त्या मंडळीकडे एफसीआरए नोंदणी (परदेशी देणगी घ्यायची भारत सरकारची परवानगी) आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं हवं, नाहीतर त्रास त्यांना होतो. आधी पाळकांना विचारा. इथल्या चर्चला देत असाल आणि कर भरत असाल तर गिफ्ट एडचा (दानावरच्या करसवलतीच्या सरकारी योजनेचा) फॉर्म एकदा भरा, प्रत्येक पौंडामागे चर्चला आणखी २५ पेन्स मिळतात.

उत्तर: बर्मिंगहॅमहून

भारतातल्या घरच्यांबरोबर फोनवर प्रार्थना ठेवणाऱ्यांसाठी: आपली दुपारची अडीचची वेळ म्हणजे तिकडे रात्रीचे आठ. मार्चच्या शेवटच्या रविवारी इथलं घड्याळ पुढे जातं, भारतातलं नाही. तेव्हापासून साडेतीनला फोन लावा, नाहीतर आजी-आजोबा तासभर आधीच जेवणाच्या ताटावरून उठवले जातात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून पुन्हा अडीच.