मदत हवी आहे: एटीआरचा पंखा थांबायच्या आधीच कामाला लावतात, पोरांना कसं सांभाळू?

नमस्कार मंडळी. महाराष्ट्रातल्या एका छोट्या एअरपोर्टवर ठेकेदाराकडे रॅम्पवर (विमान उभं राहतं त्या जागेवर) काम करतो, लोडर म्हणून लागलो आणि आता चार पोरं माझ्या हाताखाली आहेत. कुठलं एअरपोर्ट ते लिहीत नाही, समजून घ्या. आमच्याकडे जेट येत नाही, फक्त एटीआर ७२, पंख्याचं विमान.

गेल्या मंगळवारी फ्लाइट लेट आली, वॉकीटॉकीवर सारखं पटापट उरका पटापट उरका चाललेलं, मार्शलरने (हातवारे करून विमान जागेवर आणणाऱ्याने) विमान थांबवलं, डावा पंखा अजून फिरतच होता आणि आमचा एकोणीस वर्षांचा पोरगा ट्रॉली घेऊन पुढच्या कार्गो दाराकडे निघालासुद्धा. त्याच्या हातातला कागद उडाला आणि तो वाकून कागदामागे थेट पंख्याच्या दिशेने. मी जीव तोडून ओरडलो पण कानाला मफ लावलेले, ऐकू कसं येणार, शेवटी धावत जाऊन जॅकेट धरून मागे ओढला. दोन-तीन हातांचं अंतर राहिलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही, अजूनही धड लागत नाही.

ज्यांनी हे विमान जवळून बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, पुढचं कार्गो दार डावीकडे कॉकपिटच्या मागे, पॅसेंजरचं दार डावीकडेच पण शेपटीजवळ, आणि मधे हा पंखा, सहा पाती, जवळजवळ ४ मीटर व्यास. पुढून मागे जायचं तर जवळचा रस्ता बॉडी आणि पंख्याच्या मधून. पंखा बंद असताना सगळे तिथूनच ये-जा करतात आणि एकदा पाय तिकडे वळायला लागले की फिरतोय की थांबलाय हे बघायचं राहून जातं. त्यात जोरात फिरताना पाती दिसतच नाहीत, नुसती धूसर चकती, आणि रात्री फ्लडलाइटखाली तर कधी कधी पंखा उभाच आहे असं वाटतं.

आता मला विचारायचंय ते असं. आम्हाला शिकवलंय की लाल बीकन, म्हणजे विमानावरचा लुकलुकणारा दिवा, बंद झाल्याशिवाय हलायचं नाही, पण हॉटेल मोडला उजवं इंजिन चालू असतं, पंखा थांबलेला असतो आणि आमच्याकडे बीकनही बंद करतात, मग पोरांनी भरवसा कशावर ठेवायचा? आणि वरून घाई करतात तेव्हा नोकरी न घालवता नाही कसं म्हणायचं? सुपरवायझरला बोललो तर म्हणे इतकी वर्षं काही झालं नाही.

जुना_टेक्निशियन:
भाऊ, आधी पोरगा वाचला हे मोठं. हॉटेल मोडचं पोरांना असं सांगा. एटीआरला एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज देणारं छोटं जादा इंजिन, नसतं, म्हणून जमिनीवर वीज आणि एसीसाठी उजवं इंजिन चालू ठेवून पंख्याला ब्रेक लावतात. या इंजिनात पंखा फिरवणारं टर्बाइन वेगळं असतं, म्हणून हे जमतं. जत्रेतली भिंगरी वाऱ्यात बोटाने धरून ठेवावी तसंच, वारा चालूच आहे, फक्त बोट लावलंय. म्हणून उजवा पंखा थांबलेला दिसला तरी फिरतोय असंच समजायचं आणि त्याच्या मागे एक्झॉस्टच्या गरम झोतातही जायचं नाही.

डावीकडे नुसत्या बीकनवर जाऊ नका. बीकन बंद, पाती डोळ्यांना एक-एक मोजता येतील इतकी थांबलेली, नोज व्हीलला (पुढच्या चाकाला) चॉक, म्हणजे अडकण, लावलेलं, आणि मग एका ठरलेल्या माणसाचा अंगठा. या चारातलं एक जरी राहिलं तरी ट्रॉली स्टँडच्या रेषेबाहेरच. मुख्य चाकांना चॉक लावायला शेपटीकडून यायचं, नाकाकडून बॉडीला लागून कधीच नाही. आणि बंद पंख्याखालूनसुद्धा जाऊ देऊ नका, मागे जायचं तर विंगटिपला (पंखाच्या टोकाला) वळसा. वेळ लागतो, लागू दे. पार्किंगला पंख्याला पट्टा बांधला नसेल तर नुसत्या वाऱ्यानेही पंखा फिरतो, हे मी स्वतः पाहिलंय.

रॅम्प_ताई:
दादा, तो अंगठा दाखवणारा माणूस फक्त तेवढ्याच कामाला ठेवा, त्याच्या हातात ट्रॉली नको की विमानाभोवती ठेवायचा सेफ्टी कोन नको. मफ असल्यावर ओरडण्याचा काही उपयोग नाही, हाताच्या खुणा रोज ब्रीफिंगला करून घ्या. टोपी, गळ्यातली पासची दोरी, सुटे कागद विमान येण्याआधीच आत ठेवायला लावा आणि उडालेलं काहीही उचलायला जायचं नाही हा नियमच करा.

आणि "काही झालं नाही" म्हणणाऱ्यांना ३१ डिसेंबर २०२२ चं अमेरिकेतल्या माँटगोमेरी एअरपोर्टचं सांगा. विमान जेट होतं, पण गोष्ट हीच. एपीयू बंद म्हणून इंजिनं चालू ठेवलेली, बीकन लागलेला, विमान यायच्या आधी इंजिनांपासून लांब राहायचं म्हणून रॅम्पच्या क्रूला दोनदा सांगितलेलं, तरी कोन ठेवायला निघालेली कर्मचारी इंजिनात ओढली गेली.

तक्रारीचं म्हणाल तर सुपरवायझरशी वाद घालू नका, एअरलाइनच्या सेफ्टी विभागाकडे हझार्ड रिपोर्ट (धोक्याची लेखी माहिती) द्या. डीजीसीएकडेही (विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याकडे) स्वेच्छेने रिपोर्ट करता येतो. कोणाचं नाव न घेता तारीख, वेळ, पंख्याची स्थिती आणि कोण कुठे उभं होतं एवढंच लिहा, पोराचंही नाव नको.

धागाकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. भिंगरीचं आजच ब्रीफिंगला सांगितलं, त्या पोराला लगेच कळलं, तोच बाकीच्यांना समजावत होता. अंगठ्यासाठी सध्या मीच उभा राहतोय, एक माणूस कमी पडतो पण ओढू. रिपोर्ट लिहून ठेवलाय, उद्या सकाळची शिफ्ट संपली की देतो. ताई, एकच विचारायचं राहिलं, मी ठेकेदाराचा माणूस, तर एअरलाइनचा फॉर्म मला थेट मागता येतो का, की स्टेशन मॅनेजरकडूनच जावं लागतं?

रॅम्प_ताई:
थेट मागा दादा. विमान त्यांचं आहे, धोक्याची माहिती त्यांना कुणाकडूनही हवीच असते. नाहीच दिला तर साध्या कागदावर लिहून सेफ्टीला ईमेल करा आणि एक कॉपी स्वतःजवळ ठेवा.