मदत हवी आहे : सिनॅप्टोटॅग्मिन नुसते मापक, की दरवाजा उघडणारेही?

नमस्कार. मी नाशिकमधील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. पुढच्या आठवड्यात ‘नियंत्रित स्राव आणि पुटिकांवरील प्रथिने’ या विषयावर माझा सेमिनार आहे. तो मराठीत मांडायचे ठरवले आणि इंग्रजीत वाचताना समजल्यासारखे वाटलेले बरेच काही मुळात समजलेच नव्हते, हे लक्षात आले.

माझी आजवरची समज अशी आहे. चेतापेशीत पुटिकेवर, म्हणजे स्राव साठवणाऱ्या सूक्ष्म पिशवीवर, सिनॅप्टोब्रेव्हिन हे प्रथिन असते, तर पेशीपटलाच्या बाजूला सिन्टॅक्सिन आणि स्नॅप-२५. ही तीन स्नेअर प्रथिने मिळून चार पेडांची वेणी घालतात (त्यातले दोन पेड एकट्या स्नॅप-२५ चे) आणि ती घट्ट होताना मिळणाऱ्या ऊर्जेने पुटिकेचे व पेशीचे पटल एकमेकांत मिसळते. धनुर्वाताचे विष सिनॅप्टोब्रेव्हिन तोडते आणि स्राव बंद पडतो, हे १९९२ साली दाखवले गेले. इथवर मला अडचण नाही.

अडचण पुढे आहे. प्रतिपिंडे तयार करणाऱ्या प्लाझ्मा पेशी आपला स्राव अखंड सोडत राहतात. तिथेही त्याच कुळातील स्नेअर प्रथिने काम करतात आणि पुटिका कोणत्याही इशाऱ्यासाठी खोळंबत नाही. मग चेतासंधीत (दोन चेतापेशींच्या जोडणीत) पटलाला टेकलेली पुटिका विद्युतसंदेशामुळे कॅल्शियम पेशीत येईपर्यंत थांबते कशी? पाठ्यपुस्तक म्हणते, सिनॅप्टोटॅग्मिन हे कॅल्शियमचे संवेदक आहे. पण आम्हा नाशिककरांना असे काही वाचले की गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती आठवतो. पाणी त्याच्या कमरेला लागले की छातीला, यावरून सारे गाव पुराचा अंदाज बांधते; गंगापूर धरणाचे दरवाजे मात्र तो उघडत नाही. सिनॅप्टोटॅग्मिन तसेच नुसते मापक आहे, की दरवाजाही तेच उचलते? शिवाय कॉम्प्लेक्सिन या प्रथिनाला मी वाचलेल्या एका लेखात अडसर म्हटले आहे आणि दुसऱ्यात मदतनीस. यातले खरे काय मानावे?

प्रतिसाद

तुमची उपमा मला आवडली, पण ती इथे अपुरी पडते, कारण सिनॅप्टोटॅग्मिन-१ मोजतेही आणि ढकलतेही. त्याचे पेशीद्रवात असणारे सी-२ए आणि सी-२बी हे दोन भाग (म्हणजे तेही दुतोंडेच!) अनुक्रमे तीन आणि दोन कॅल्शियम आयन धरतात. आयन धरताच या भागांची टोके पटलाच्या मेदथरात रुततात आणि दोन पटलांच्या मिलनाला तिथेच चालना मिळते.

मात्र स्रावाची मूळ क्षमता त्याच्याकडे नाही, ती स्नेअरकडेच आहे. १९९४ साली उंदरात या प्रथिनाचे जनुक निकामी केले, तेव्हा विद्युतसंदेशाच्या पाठोपाठ क्षणार्धात होणारा स्राव जवळजवळ नाहीसा झाला, पण कॅल्शियमनेच घडणारा, मागून रेंगाळत येणारा स्राव टिकून राहिला. त्या रेंगाळणाऱ्या स्रावात त्याच कुळातील सिनॅप्टोटॅग्मिन-७ चा वाटा असतो. ते कमी कॅल्शियमलाही जागे होते, पण संथ आहे. स्वादुपिंडाच्या इन्सुलिन सोडणाऱ्या बीटा पेशींतही ते आढळते.

कॉम्प्लेक्सिनबाबत दोन्ही लेख बरोबर असू शकतात. त्याचा मधला भाग स्नेअरच्या वेणीला बिलगतो, एक भाग ती पुरती आवळली जाऊ देत नाही आणि आरंभीचे टोक उलट मिलनाला हातभार लावते. कोणती बाजू वरचढ ठरेल, ते प्राण्यावर आणि चेतासंधीवर अवलंबून असते. त्यामुळे लेखांतील प्रयोग कोणत्या प्राण्यावर झाले, ते आधी पाहा.

मूळ प्रश्नकर्ती

मनःपूर्वक आभार. पाहिले, ‘अडसर’ म्हणणारा लेख फळमाशीवरचा आहे, तिच्यात कॉम्प्लेक्सिन काढल्यावर संदेशाविना होणारा स्राव बेसुमार वाढतो, आणि ‘मदतनीस’ म्हणणारा उंदरावरचा, जिथे ते काढल्यावर तातडीचा स्राव घटतो. दोन्ही निष्कर्ष मी एकाच आकृतीत कोंबले होते, ती आता वेगळी करते. एक शंका मात्र उरली आहे. ग्लुकोज वाढल्यावर बीटा पेशी इन्सुलिनचा सुमारे दहा मिनिटांचा पहिला लोंढा सोडतात आणि नंतर बराच काळ संथ प्रवाह चालू राहतो. हा फरक संवेदकांच्या वेगातून येतो, की पटलाला टेकून सज्ज असलेल्या पुटिकांचा साठा संपल्यामुळे?