मदत हवी आहे: बायपासनंतर वडिलांना डावीकडचं दिसत नाही

कृष्णाकाठ

नमस्कार. एरवी मी इथे नुसती वाचते, आज लिहायची वेळ आली.

वडील (आम्ही अण्णा म्हणतो) वय ६८, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, साताऱ्याजवळ राहतात. बारा वर्षांपासून शुगर, शिवाय बीपीची गोळी. २६ दिवसांपूर्वी पुण्यात बायपास झाली, तीन ग्राफ्ट. तिसऱ्या दिवशी ठोके अनियमित झाले होते, औषधाने ताळ्यावर आले. डिस्चार्ज कार्डावर 'ए-फिब' एवढंच लिहिलंय. जखम छान भरतेय, अंगणात फेऱ्या सुरू आहेत.

घरी आल्यापासून जेवताना मात्र रोज कुरकुर. "लिंबू नाही, चटणी नाही, आता मीठही बंद केलंत का?" आईने बोटाने दाखवलं की गप्प. पथ्याचं अळणी खाऊन वैतागलेत, असं तिला वाटलं. मग दाराच्या चौकटीला डावा खांदा दोनदा आपटला. मग एके सकाळी फोनवर मला पेपर वाचून दाखवताना पुणे 'नगरपालिका' म्हणाले. मी म्हटलं, महानगरपालिका. तर माझ्याशीच वाद, इथे स्पष्ट छापलंय म्हणे. मी हसले होते. आता त्या हसण्याची लाज वाटते.

खोदून विचारल्यावर म्हणाले, "शुद्धीवर आलो तेव्हापासनंच डाव्या डोळ्याला कमी दिसतंय. भूल असंल, उतरंल, म्हणून बोललो नाही."

गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळं ६/९ वाचलं. थोडा मोतीबिंदू आहे म्हणाले, चष्म्याचा नंबर बदलून दिला. नवा चष्मा घालून पहिल्याच दिवशी तुळशीवृंदावनाला धडकले. जिथे ऑपरेशन झालं तिथे फोन केला तर, "ऑपरेशन हृदयाचं झालंय, डोळ्यांचं डोळेवाल्यांना विचारा."

आता नेमकं कुणाकडे जायचं? नजर परत येते का? ऑपरेशनमध्ये चूक झाली का? आणि स्कूटरची किल्ली मी लपवली आहे, ते बरोबर केलं ना?

हिंगाष्टक

त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुवा, रात्री मधाचं बोट फिरवा. आमच्या शेजाऱ्यांना गुण आला.

नेत्रपल्लवी

हिंगाष्टक, कृपा करून नको. मधुमेही माणूस, नुकतंच ऑपरेशन झालेलं, त्यात डोळ्यात मध!

कृष्णाकाठ, मी नेत्रतज्ज्ञ आहे, पण धाग्यावरून निदान होत नसतं हे आधीच सांगते. तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट खटकली. डावा डोळा ६/९ वाचतोय, म्हणजे तो डोळा अधू नाही. आज घरीच एवढं करून बघा. अण्णांसमोर हातभर अंतरावर बसा. त्यांना उजवा डोळा झाकून तुमच्या नाकाकडे बघायला सांगा. तुमचं बोट त्यांच्या डाव्या बाजूने हळूहळू मध्ये आणा, कधी दिसतं ते विचारा. मग डावा डोळा झाकून तेच. उघड्या उजव्या डोळ्यालाही डावीकडचं बोट दिसलं नाही, तर दुखणं डोळ्यात नाही, मेंदूत आहे. दोन्ही डोळ्यांच्या डाव्या बाजूचं चित्र मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागात जातं. पेशंट त्याला 'डावा डोळा गेला' म्हणतात, आणि आम्हीही घाईत असलो की फक्त अक्षरं वाचून घेतो.

कृष्णाकाठ

केलं. दोन्ही वेळा बोट अगदी नाकासमोर आल्यावरच दिसलं. हात थरथरतोय लिहिताना.

नेत्रपल्लवी

उद्याच न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. एमआरआय आणि फिल्ड टेस्ट (कुठल्या बाजूचं किती दिसतं ते मोजणारी) लागेल. छातीच्या हाडाला बांधलेल्या तारा एमआरआयला सहसा आड येत नाहीत, तरी डिस्चार्ज कार्ड तिथे दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, वाढवूही नका. बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, हातापायातली ताकद गेली, तर क्षणभर न थांबता १०८.

ऑपरेशनमध्ये चूक झाली का, असं विचारलंत. बायपासनंतर शंभरातल्या एक-दोन जणांना पक्षाघात होतो. महाधमनीला चिमटा लावताना आतली चरबी-चुना सुटून गुठळी वर जाऊ शकते. ठोके बिघडले तर हृदयातही गुठळी होते, आणि तसे ठोके बिघडणं बायपासनंतर नित्याचं आहे. गुठळी मेंदूच्या मागच्या भागात अडकली तर हातपाय धडधाकट राहतात, फक्त नजरेचा तुकडा जातो. म्हणूनच वॉर्डात कुणाच्या लक्षात येत नाही. त्यामुळे ऑपरेशनच चुकलं असं म्हणता येणार नाही. फोनवरचं उत्तर मात्र वाईटच होतं.

इतरांसाठी: हृदयाच्या ऑपरेशननंतर नजर आणखी दोन तऱ्हांनी जाते. डोळ्याच्या नसेला रक्त कमी पडलं तर एका किंवा दोन्ही डोळ्यांना अंधारी येते, कधी वरचा किंवा खालचाच अर्धा भाग जातो. डोळ्यामागच्या भागात नस दुखावली असेल तर पडदा तपासताना सुरुवातीला सगळं ठीक दिसतं, नस फिकी पडायला काही आठवडे लागतात. दुसरं म्हणजे पडद्याची रक्तवाहिनी बंद होणं. त्यात एक डोळा एकदम जातो, दुखत अजिबात नाही, आणि त्याच तासाला धावावं लागतं. अमेरिकेतल्या १९९६ ते २००५ च्या नोंदींत हे सगळे प्रकार मिळून दर १०,००० हृदयशस्त्रक्रियांमागे आठ-नऊ निघाले होते.

किल्ली लपवलीत ते उत्तम केलंत. तशीच राहू द्या.

वाटसरू_६२

आमच्या काकांना हेच झालं होतं, वाल्व बदलल्यावर. पहिल्या तीन महिन्यांत थोडी बाजू उघडली, पुढे फारसा फरक नाही. वाचताना ओळीची सुरुवात सापडत नसे, म्हणून पानाच्या डाव्या कडेला लाल पट्टी ठेवायचे. लाल दिसेपर्यंत मान डावीकडे न्यायची, मगच वाचायचं. रस्त्यात अण्णांच्या डाव्या हाताला चाला.

आणि एक. काकांना त्या न दिसणाऱ्या बाजूला लहान मुलं दिसायची, कधी फुलांची नक्षी. काकूंनी देवऋषी गाठला होता! डॉक्टर म्हणाले, मेंदू रिकामी जागा भरतो, वेड नव्हे. अण्णांना असं काही दिसत असेल तर ते सांगणार नाहीत. तुम्हीच विचारा.

कृष्णाकाठ (पाच दिवसांनी)

एमआरआय झाला. मेंदूच्या उजव्या मागच्या भागात रक्तपुरवठा तुटल्याची खूण आहे. न्यूरॉलॉजिस्ट आणि हृदयाचे डॉक्टर एकमेकांशी बोलले, गोळी बदलली, ठोक्यांची नोंद ठेवणारं २४ तासांचं होल्टर यंत्र लावलं. फिल्ड टेस्टच्या कागदावर दोन्ही डोळ्यांची डावी बाजू काळीकुट्ट. अण्णांनी तो कागद बराच वेळ उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "म्हंजे डावीकडचा आरसाच काढून नेलाय."

वाटसरू, विचारलं मी. मांजर दिसतं म्हणाले. आमच्याकडे मांजर नाही. दोन आठवडे कुणाला सांगितलं नव्हतं.

आईने लिंबू-चटणी उजवीकडे वाढायला सुरुवात केली होती. ते काही त्यांना चाललं नाही. "लिंबू कधी उजवीकडं वाढत्यात का?" नेत्रपल्लवी, काय करू? सोय बघू की त्यांचा हट्ट?

नेत्रपल्लवी

लिंबू डावीकडेच वाढा. मान वळवून शोधू देत.