१०यू (दहा वर्षांपर्यंतचा गट) सोडून १२यू (बारापर्यंतचा) खेळणाऱ्या मुली : सॉफ्टबॉलच्या सरावात आधी काय घ्यावं?

अंगणातला_चेंडू (न्यू जर्सी)
नमस्कार मंडळी. इथल्या गावच्या रिक्रिएशन लीगमध्ये मुलींच्या फास्टपिच (हात खालून फिरवून चेंडू जोरात टाकायचा सॉफ्टबॉल) संघाला शिकवते. ११ मुली आहेत, त्यांतल्या ७ जणी यंदा पहिल्यांदाच १२यू मध्ये खेळतील. चेंडू ११ इंचांऐवजी १२ इंचांचा, पिचिंगचं (बॅटरकडे चेंडू टाकण्याचं) अंतर ३५ फुटांऐवजी ४० फूट. बेसमधलं अंतर तेच, ६० फूट. सामने एप्रिलमध्ये. हातात ८ आठवडे, आठवड्याला दीड-दीड तासाचे दोन सराव, आणि पहिले ५ आठवडे जिममध्येच.
पिचरला ४० फुटांवर एकदम उभं करावं की हळूहळू न्यावं? बॅट लगेच बदलायला सांगू का? आणि एवढ्या थोड्या वेळात सगळ्यात आधी काय हातात घ्यावं?

उडती_शिवण (पुणे)
ताई, पिचिंगपुरतं सांगतो. हळूहळूच न्या, आणि अंतराच्या आधी चेंडू बदला. ११ आणि १२ इंच हा चेंडूचा घेर. व्यास ८.९ सेंटिमीटरचा ९.७ होतो. फरक जेमतेम ८ मिलिमीटर, पण छोट्या हाताला तो मोठा पडतो. मुलगी नकळत चेंडू तळव्यात खोल दाबून धरते. मग मनगटाचा झटका बसत नाही आणि चेंडू ढकलल्यासारखा वर जातो. पकड तपासायची सोपी खूण आहे. चेंडू धरायला लावा आणि बाजूने बघा. तळवा आणि चेंडू यांच्यामध्ये उजेड दिसला पाहिजे. तीन बोटं शिवणीच्या इंग्रजी ‘सी’ आकारावर आडवी, अंगठा समोरून. हात फारच लहान असेल तर चार बोटं चालतील, वर्षभरात तीनवर येतात.

पहिला आठवडा नवा चेंडू, अंतर जुनंच ३५ फूट. पुढे दर आठवड्याला एक फूट मागे. सहाव्या आठवड्यात ४० येतात, दोन आठवडे मुरायला मिळतात. अट एकच ठेवा : १० पिचपैकी ६ स्ट्राइक झोनमध्ये (बॅटरसमोर चेंडू जिथून जायला हवा त्या जागेत) गेल्याशिवाय पुढचा फूट नाही.

अंतर वाढलं की मुली जोर काढायला कमरेतून पुढे वाकतात. डोकं पुढच्या पायाच्याही पुढे जातं, हाताचं वर्तुळ अर्धवट राहतं आणि चेंडू प्लेटच्या (बॅटरजवळच्या पाटीच्या, म्हणजे होमच्या) आधी टप्पा खातो. हे दिसलं की ओरडून ‘सरळ उभी राहा’ म्हणण्यात अर्थ नाही. दोन फूट पुढे आणा, पाच-सहा चांगल्या पिच होऊ द्या, मग परत मागे. सुरुवातीला १० फुटांवरून नुसत्या मनगटाच्या २० पिच आणि शेवटी ५० फुटांवरून हात खालून फिरवून १० लांब थ्रो घ्या. ५० फुटांनंतर ४० जवळ वाटतात.

दिवसाला पूर्ण ताकदीच्या ५०-६० पिच, आठवड्यात तीन दिवस, याच्यावर मी जाऊ देत नाही. खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखतं म्हणाली तर त्याच क्षणी थांबवा, दोन दिवसांत राहिलं नाही तर डॉक्टर. दुसरी पिच शिकवायची असेल तर फक्त चेंज-अप (मुद्दाम हळू टाकलेली पिच). राइज-बॉलच्या (वर उठणाऱ्या पिचच्या) नादाला या वयात लागू नका.

मास्कमागून (जळगाव)
पिचिंगवर सगळेच बोलतात. पण ताई, ‘सगळ्यात आधी काय’ या प्रश्नाला माझं उत्तर कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून पिच पकडणारी. या वयोगटात धावा हिटपेक्षा कॅचरच्या मागे गेलेल्या चेंडूंवर जास्त होतात.

१०यू च्या बऱ्याच रिक्रिएशन लीगमध्ये स्टीलवर (पिच पडताना पळून पुढचा बेस घेण्यावर) मर्यादा असते आणि तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून सुटला तरी बॅटर आऊटच. १२यू मध्ये बहुतेक ठिकाणी दोन्ही मोकळं होतं. तुमच्या लीगची नियमपत्रिका आजच वाचा, कारण सराव त्यावरच ठरेल.

स्टीलचं गणित बघा. पिचरच्या हातून चेंडू सुटला की रनर (बेसवरची धावणारी) बेस सोडू शकते. चपळ मुलीला ६० फुटांना साधारण सव्वातीन सेकंद लागतात. ताशी ७२ किलोमीटरची पिच अर्ध्या सेकंदात कॅचरकडे येते. उरले पावणेतीन. होमपासून सेकंड (दुसरा बेस) ८४ फूट १० इंच. ताशी ६५ किलोमीटरच्या थ्रोला जवळपास दीड सेकंद. म्हणजे ग्लोव्हमधून चेंडू काढणं, पाय वळवणं आणि पलीकडे टॅग (रनरला चेंडू लावणं), सगळं सव्वा सेकंदात. मुली नेमका इथेच वेळ घालवतात : पूर्ण उभ्या राहतात, मग दोन पावलं पुढे टाकतात. एकच छोटं पाऊल, चेंडू कानाजवळ, थ्रो. सेकंडपर्यंत सरळ पोचत नसेल तर बेसच्या आठ-दहा फूट अलीकडे एक टप्पा पाडायला शिकवा. उंच तरंगत आलेल्या थ्रोपेक्षा तो लवकर पोचतो आणि टॅगच्या उंचीवरच येतो.

जिममध्ये ब्लॉकिंग (टप्पा खाल्लेला चेंडू अंगाने अडवणं) घ्या, त्याला मैदान लागत नाही. दोन्ही गुडघे जमिनीवर, ग्लोव्ह गुडघ्यांमधल्या फटीत, हनुवटी छातीला, खांदे पुढे गोल. चेंडू पकडायचा नाही, अंगावर घेऊन समोर तीन फुटांत पाडायचा. पहिले दोन आठवडे टेनिस बॉलने, पूर्ण गिअर घालूनच. सगळ्यात वाईट सवय म्हणजे टप्पा आला की मान बाजूला फिरवणं. मास्क समोरून वाचवतो, मानेची बाजू वाचवत नाही. टेनिस बॉलने भीती गेली की मान आपोआप सरळ राहते. दर सरावाला १५ मिनिटं, आणि दोन नाही, तीन मुली तयार करा.

गल्लीतला_शॉर्टस्टॉप (कॅलिफोर्निया)
बॅटबद्दल. घाई नको. एका हाताने मूठ धरून बॅट बाजूला खांद्याच्या उंचीवर सरळ धरायला लावा. २० सेकंद टोक खाली न झुकता राहिलं तर पुढचं माप घ्या, एरवी जुनीच बरी. २८ वरून २९ इंच पुरे. ‘ड्रॉप ११’ म्हणजे लांबीच्या इंचांतून ११ वजा केले की वजन औंसात, २९ इंचीला १८ औंस. जड बॅट घेतली की हात आधी निघतात, टोक मागे राहतं आणि सगळे फटके उलट्या बाजूला फाउल (रेषेबाहेर) जातात.

बॅटपेक्षा ग्लोव्ह आधी बघा. ११ इंची ग्लोव्हमध्ये १२ इंची चेंडू नीट बसत नाही, बोटांच्या टोकांवर आपटून बाहेर पडतो. मुलीला वाटतं आपल्याला पकडता येत नाही. साडेअकरा ते बारा इंची हवा. थर्ड, फर्स्ट (तिसऱ्या, पहिल्या बेसवरच्या मुली) आणि पिचरला फेसमास्क, नियम असो वा नसो. बंटला (बॅट न फिरवता चेंडू हलकेच पाडतात तेव्हा) थर्ड-फर्स्ट पुढे येतात, बॅटर तिथून चाळीसेक फुटांवर असते.

फील्डिंगच्या वॉर्मअपला मात्र अजून महिनाभर जुना ११ इंची चेंडू चालेल असं वाटतं, थ्रो सरळ जातात.

उडती_शिवण
शेवटच्या मुद्द्यावर असहमत. दोन मापं एकाच सरावात आली की चेंडू सोडण्याची वेळ चुकते. जुने चेंडू पहिल्या दिवशीच पिशवीतून काढून टाका. थ्रो कमी पडत असतील तर मुलींना दहा फूट जवळ घ्या.

अंगणातला_चेंडू
मनापासून आभार. लीगची पत्रिका वाचली : स्टील मोकळं, ड्रॉप्ड थर्ड स्ट्राइक (तिसरा स्ट्राइक कॅचरकडून सुटला तर बॅटरला फर्स्टकडे पळता येणं) लागू. पण मुलींना तो नियम डोक्यात कसा बसवू? फर्स्टवर रनर असली की गोंधळतात.

मास्कमागून
दोनच वाक्यं पाठ करून घ्या. ‘फर्स्ट रिकामा, पळ. दोन आऊट, कसंही पळ.’ बाकी वेळी बॅटर आऊट. सरावात दहा वेळा मुद्दाम चेंडू पाडायचा, प्रत्येक वेळी आऊट किती आणि फर्स्टवर कोण हे तुम्ही बदलायचं, आणि पिच पडायच्या आधी कॅचरने मोठ्याने सांगायचं : ‘पळेल’ किंवा ‘नाही’. फर्स्टच्या मुलीने होमच्या सरळ रेषेत उभं राहू नये, थ्रो रनरच्या पाठीत बसतो. चेंडू फाउलकडे गेला तर तिने फाउलच्या बाजूला हात दाखवायचा, आत राहिला तर आतल्या बाजूला. आणि कॅचर गोंधळलीच तर तिला एकच सांगा : चेंडू उचल, बॅटर हाताशी असेल तर टॅग कर, नसेल तर फर्स्टला टाक.